दिलेलं की घेतलेलं

खोब्रागडे बाई कुणाच्याही घरी गेल्या, की चपला दारात काढायच्या, बैठकीतल्या कॉम्प्युटरकडे एकदा पाहायच्या आणि बसायच्या आधीच विचारायच्या, "यातलं दिलेलं कोनतं अन् घेतलेलं कोनतं?" घरचे बिचारे गोंधळून जायचे. एखादा म्हणायचा, "बाई, किस्तीवर घेतला जी." बाई मान हलवायच्या. "डब्ब्याचं नाई इचारून राह्यली मी. डब्ब्याच्या आतलं इचारून राह्यली." मग उत्तराची वाट न पाहता त्या खुर्ची ओढून बसायच्या. चहा बाहेर येईपर्यंत त्या मशीनमध्ये कोणकोणती सॉफ्टवेअर कुलूप फोडून भरलेली आहेत, हे त्यांना कळलेलं असायचं. चहा मात्र त्या आवडीनं प्यायच्या आणि साखर त्यांना अंमळ जास्तच लागायची.

ब्रह्मपुरीत आमच्याच वॉर्डात त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं ते तिथं शिकायला गेलो तेव्हा. पत्र्याच्या छताची लांबट खोली, तिच्यात रांगेनं मांडलेले टाइपरायटर आणि बाहेर रस्त्यावर ऐकू जाणारा खडखडाट. मुलं कळांकडे बघून टाइप करतात म्हणून बाई आमच्या हातांवर टॉवेल टाकायच्या. "डोळे कागदावर ठेव. बोटाचं काम बोटाले करू दे," असं म्हणून त्या पुढच्याच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. टॉवेलखाली माझी बोटं काय उद्योग करत होती ते कागद बाहेर काढल्यावरच कळायचं, आणि कळल्यावर कागद परत आत घालावासा वाटायचा. तरी पास झालो आणि त्या सर्टिफिकेटच्या जोरावर कॉलेजच्या ऑफिसात चिकटलो. तालुक्यातल्या कुठल्याही कचेरीत जा, मराठी टाइप करणारा माणूस बहुधा बाईंच्या टॉवेलखालून गेलेला असायचा.

पुढे टायपिंगच्या परीक्षा कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या, तसे बाईंनी टाइपरायटर काढून कॉम्प्युटर आणले. दुकानदारानं त्यात जगातलं सगळं भरून दिलं. तेव्हा सगळेच दुकानदार देत आणि सगळेच घेत, त्यामुळे बाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग एका रविवारी विहारात पंचशील म्हणताना त्या दुसऱ्या शिलाशी मध्येच थांबल्या. न दिलेली वस्तू घेणार नाही, असं ते शील. शेजारच्या बायकांना वाटलं, बाईंना भोवळ आली. "भोवळ कायची," बाई मला नंतर सांगत होत्या. "तोंडानं म्हनून राह्यली होती घेनार नाई, अन् घरी खोलीभर सारं घेतलेलंच मांडून ठेवलं होतं. त्याच्यावरच पोट्ट्याइले शिकवून राह्यली होती. मले कसंसंच झालं."

त्यांनी चौकशी सुरू केली. नागपूरला इंजिनिअरिंगला गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना सांगितलं, की बाई, अशीही सॉफ्टवेअर असतात जी बनवणाऱ्यांनीच लोकांना देऊन टाकली आहेत. वापरा, दुसऱ्याला द्या, जमलं तर सुधारा, कुणाची हरकत नाही. बाईंना हे खरंच वाटेना. खात्री झाल्यावर त्यांना दुसराच प्रश्न पडला आणि तो जन्मभर सुटला नाही. "देनाऱ्यानं राजीखुशीनं देऊन ठेवलं हाये, तं लोक ते सोडून चोरीचं काऊन घेतात?" महिन्याभरात इन्स्टिट्यूटच्या सगळ्या मशीनमधलं सॉफ्टवेअर त्यांनी बदलून टाकलं, आणि मग त्यांची पावलं आमच्या घरांकडे वळली.

उपदेश करणाऱ्या माणसांचं मला पहिल्यापासून वावडं आहे. म्हणून मी घरी कॉम्प्युटर घेतला ते बाईंना कळू न देता. पण आमच्या वॉर्डात कुकरची शिट्टीसुद्धा लपत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई हजर. नेहमीचा प्रश्न विचारून त्या बसल्या आणि माउस फिरवू लागल्या. दुकानदारानं माझ्या मशीनमध्ये सिनेमे कापायचं सॉफ्टवेअर भरलं होतं, इमारतींचे नकाशे काढायचं भरलं होतं, मासिकं छापायचं भरलं होतं.

"बंगले बांधून राह्यला का रे बाबू?" बाईंनी विचारलं.

"नाई बाई."

"पिक्चर काढतो?"

"नाई जी. अर्ज टाइप करतो, गाने ऐकतो. कधी पिक्चर पाहतो."

"तं मंग दोघाच्या भातासाठी पंगतीचा भलामोठा गंज कायले आनला घरी? अन् तोही कोनाले न इचारता उचलून."

आतून माझ्या बायकोचं हसणं ऐकू आलं. मला दोघींचाही राग आला, पण बाईंपुढे राग दाखवायची माझी कधी छाती झाली नव्हती, ती त्या दिवशीही झाली नाही.

बाईंची रीत हुशारीची होती. त्या जुनं काही काढून टाकत नसत. जुन्याच्या शेजारी नवं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हप्ताभर नांदवून पाह्य. नाई पटलं तं सांगजो, मी माह्यं परत घेऊन जाईन." लिहिण्यासाठी लिबरऑफिस, गाणी आणि पिक्चरसाठी व्हीएलसी, इंटरनेटला फायरफॉक्स, फोटोंना गिम्प. ज्याचं मशीन इतकं म्हातारं झालं, की चालू करून माणूस आंघोळ उरकून आला तरी पडद्यावर काही येत नाही, त्याला त्या अख्खं मशीनच नव्यानं चालवणारं लिनक्स मिंट सुचवायच्या. सावली गावच्या एका रिटायर्ड मास्तरांनी तसलं मशीन भंगारात काढायचं ठरवलं होतं. बाईंनी मिंट टाकून दिल्यावर मास्तर त्यावर रोज सकाळी पेपर वाचू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते चालू करून दाखवू लागले.

बाई उगाच कौतुक करत नसत, म्हणून लोक त्यांचं ऐकून घ्यायचे. नवं टाकून देताना त्याचे दोष त्या आधीच सांगून मोकळ्या व्हायच्या. "बटनं जागेवर भेटनार नाई. माह्यावर चिडशीन. चिडजो, पन हप्ताभर चिडून पाह्य." माझ्या ऑफिसातून आलेल्या फाईलमधला तक्ता लिबरऑफिसमध्ये उघडला की कधी कधी एका बाजूला सरकायचा. मी तक्रार घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "सरकते. मी कुठी म्हटलं सरकत नाई? सरळ करून घे. तुले हात देले हायेत ना." मी चिडून घरी आलो आणि तक्ता सरळ केला. आता सवय झाली आहे.

चौकातल्या फोटो स्टुडिओवाल्या गजूभाऊंनी मात्र त्यांना कधी दाद दिली नाही. लग्नाचे अल्बम, बॅनर, वाढदिवसाचे फलक, सगळं ते फोडलेल्या सॉफ्टवेअरवर करायचे. बाईंनी गिम्प टाकून दिलं, पुन्हा पुन्हा समोर बसून शिकवलं. गजूभाऊ दरवेळी म्हणायचे, "लगनसराई होऊ द्या बाई, मंग निवांत पाहू." आमच्याकडे लग्नसराई संपली की बारशी सुरू होतात. एकदा मी बाईंना म्हटलं, सोडा ना त्याला. बाई म्हणाल्या, "त्याचं पोट हाये त्याच्यावर. त्याची बोटं तिकडं बसली, त्याले जड जाते. पन मी जात राहीन. तो चहा पाजते चांगला." आणि त्या जात राहिल्या. गजूभाऊंनी अजून काही बदललेलं नाही, पण बाई येताना दिसल्या की ते कॅमेऱ्याच्या पिशवीत उगाच काहीतरी शोधायला लागायचे.

एकदा त्या मला सोबत घेऊन कुरखेड्याच्या पलीकडच्या एका गावी गेल्या. तिथल्या ग्रामसभेचं काम पाहणाऱ्या कुसुमताई मडावींना गावातल्या म्हाताऱ्या बायांची गोंडी गाणी रेकॉर्ड करून ठेवायची होती. बस आणि मग जीप, असा आमचा प्रवास झाला. बाईंनी कुसुमताईंच्या कॉम्प्युटरवर आवाज रेकॉर्ड करायचं ऑडॅसिटी टाकून दिलं. अंगणात मोहाच्या झाडाखाली बसून एका आजीनं गाणं म्हटलं. ऐकायला लावलं तर गाण्याच्या मागे पानांची सळसळ, कुणाच्या तरी कुऱ्हाडीचे ठोके आणि एक कोंबडी. बाईंना आपल्या विद्येचा अभिमान होताच. त्यांनी दोन-चार कळा दाबून मागचा आवाज बहुतेक पुसून टाकला आणि कुसुमताईंकडे पाहिलं. कुसुमताईंनी दोन्ही ऐकली. "बाई, हे तं कपाटात बसून म्हटल्यासारखं झालं," त्या म्हणाल्या. "आमच्या आयांनी हे अंगनातच म्हटलं हाये. कोंबडी राहू द्या." बाईंनी निमूटपणे कोंबडी परत आणली. परत येताना जीपमध्ये त्या म्हणाल्या, "साफ करनं म्हंजे चांगलं करनं, असं मी समजून होती."

बाईंच्या डोळ्यांचं आधी माझ्या बायकोच्या लक्षात आलं. आमच्याकडे चहा पिऊन त्यांनी कप ठेवला तो टेबलाच्या कडेबाहेर. कप फुटला. बाई "हात वला होता" म्हणाल्या, पण बायको मला म्हणाली, त्यांना कड दिसलीच नाही. मुलगा प्रशांत नागपूरला एका कंपनीत आहे. त्यानं बाईंना तिकडच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, आणि तो फार पुढे गेलेला. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि राहिलेलीही हळूहळू जाणार होती. पुढे बाईंना उजेड आणि सावली एवढंच कळू लागलं. इन्स्टिट्यूट आधीच बंद झालं होतं. तुळशीरामजी, म्हणजे त्यांचे यजमान, त्याच्याही आधी गेले होते. प्रशांतनं नागपूरला चल म्हणून फार आग्रह केला. बाई गेल्या नाहीत.

दिसत नाही याचं दुःख त्यांनी कुणाजवळ फारसं केलं नाही. त्यांना खुपत होतं ते वाचन. सकाळी मी पेपर वाचून दाखवायला जायचो. मन लावून वाचायचो असं मला वाटायचं. एक दिवस बाईंनी मला मध्येच थांबवलं.

"तू चांगला वाचतो बाबू. पन तू तुह्या मनानं वाचतो. मले एखादं वाक्य आवडलं तं थांबाचं असते, मांगं जाऊन परत एकदा पाहाचं असते. तुले म्हटलं तं तू वाचशीन बी. पन किती खेपा म्हनू? आता मले वाचाले कोनाची तरी फुरसत लागते. हे मले नाई सोसत."

मी पेपर घडी करून ठेवला आणि घरी आलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची खरी भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी.

प्रशांत पुढच्या सुट्टीत आला तो खुशीत. त्यानं एक पेनड्राइव्ह आणला होता. आंधळ्या माणसांसाठी पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारं एक महागडं सॉफ्टवेअर त्याच्या कुणा मित्रानं कुलूप फोडून दिलं होतं. मी तिथंच होतो. प्रशांतनं ते आपल्या लॅपटॉपवर टाकलं, एक बातमी उघडली, आणि मशीनमधून एका बाईचा स्वच्छ, गोड मराठी आवाज आला. अगदी रेडिओवरच्यासारखा. खोब्रागडे बाईंचा चेहरा असा उजळला, की मी तो विसरणार नाही. त्यांनी बातमी शेवटपर्यंत ऐकली, मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरून. मग त्यांनी विचारलं.

"प्रशांत, हे दिलेलं हाये का घेतलेलं?"

प्रशांत पेनड्राइव्हचं टोपण शोधू लागला. तेच उत्तर होतं.

"काढून टाक."

"आई, तुले दिसत नाही आता. हे काही चैनीसाठी नाही. कोन विचारणार हाये तुले?"

"मीच इचारून राह्यली ना."

"मी विकत घेऊन देतो मग. थोडा वेळ दे मले."

"तुह्या पोरीच्या शिक्षनाचे दिवस हायेत. तुले कर्जात पाडून मी पेपर नाई वाचत."

"तंवर हे राहू दे. हट्ट आहे हा नुसता. डोळे गेले तुझे, आई."

"डोळे गेले म्हनून हात लांब कराचे काय?"

प्रशांतनं ते काढून टाकलं. पेनड्राइव्ह खिशात घातला, आणि त्याच दुपारच्या बसनं तो निघून गेला. मलाही बाईंचा संताप आला होता. ज्या सॉफ्टवेअरची त्यांना सर्वांत जास्त गरज होती तेच त्यांनी आपल्या हातानं दूर केलं, आणि ते कशासाठी, तर रविवारी म्हणायच्या एका ओळीसाठी. हे मी त्यांना तोंडावर बोललो. त्या म्हणाल्या, "ओळ रविवारची नाई हाये, बाबू." एवढंच.

देऊन टाकलेलं असं काही आहे का, हे मग मीच शोधायला बसलो. राग गेला नव्हता, पण घरी स्वस्थ बसवेना. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. बाईंच्याच लिनक्समध्ये ऑर्का नावाचं वाचणारं सॉफ्टवेअर होतं. मी ते चालू केलं, आणि जो आवाज आला तो ऐकून माझाच धीर सुटला. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून, नाक दाबून कुणी परका मराठी वाचावं तसा तो आवाज. शब्द कुठे तोडायचा ते त्याला कळत नव्हतं. बाईंनी बराच वेळ ऐकलं. "हा मानूस इकडचा नाई वाटत," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पन याले घाई नाई हाये."

पहिले काही आठवडे फार वाईट गेले. बाईंना एका ओळीतले निम्मे शब्द कळायचे नाहीत. कळ चुकीची दाबली गेली की आवाज भलतीकडेच जायचा आणि परत कसं यायचं ते सापडायचं नाही. एकदा मी गेलो तर त्या कीबोर्डवर हात ठेवून नुसत्या रडत बसलेल्या होत्या. मी आलेलं त्यांना कळलं, तरी त्यांनी डोळे पुसले नाहीत. प्रशांतला फोन करू का, मी विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्या पुन्हा ऐकत बसल्या होत्या.

हळूहळू पेपर जमू लागला. मग बाईंना वाचावीशी वाटली ती तुळशीरामजींची नाटकं. तुळशीरामजी लाकूड डेपोत नोकरीला होते आणि झाडीपट्टीच्या नाटकांसाठी लिहायचे. धान निघाल्यावर गावोगाव मंडईच्या जत्रेनिमित्तानं नाटकं होतात, त्यात त्यांच्या विनोदी नाटकांना मागणी असायची. तुळशीरामजी बोलायचे आणि बाई टाइप करायच्या. सगळी नाटकं मशीनमध्येच होती. मी पहिलं उघडलं. ऑर्कानं तोंड उघडलं आणि इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, आकडे असं काहीबाही एका सुरात ओकायला सुरुवात केली. दुसरं उघडलं, तेच. तिसरंही तेच.

कारण मला कळलं, आणि बाईंनाही कळलं होतं. ती नाटकं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. मराठी अक्षराला मशीनमध्ये स्वतःची ओळख देणारं युनिकोड यायच्या आधी आमच्याकडे सगळं मराठी तसंच टाइप व्हायचं. त्यात मशीनच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट फक्त त्यांना मराठीचा चेहरा देतो. बघणाऱ्याला मराठी दिसतं. जो बघत नाही, नुसतं पोटातलं वाचतो, त्याच्यासाठी तिथे मराठी नसतंच.

"अख्ख्या तालुक्याले म्याच शिकवलं हे," बाई म्हणाल्या. "कचेऱ्याइतले सारे कागद असेच हायेत. कोनी आंधळा मानूस ते वाचाले बसला तं त्याले हेच ऐकू येईन. म्या कधी इचारच नाई केला."

"तेव्हा दुसरं होतं कुठी बाई?" मी म्हटलं.

"नव्हतं. पन आता मले ऐकू येऊन राह्यलं ना."

त्यानंतर काही दिवस त्यांनी कॉम्प्युटर चालू केला नाही. मी गेलो की इकडचं तिकडचं बोलायच्या. जुन्या फाँटचं युनिकोड करून देणारी साधनं कुणाकुणा भल्या माणसांनी बनवून इंटरनेटवर देऊन ठेवली आहेत, हे मला ठाऊक होतं. ऑफिसात मी ती वापरली होती. नाटकं त्यातून काढली. बरंचसं मराठी सुखरूप आलं, पण वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसले, काही जोडाक्षरं फुटली. मी म्हटलं, मी घरी नेऊन दुरुस्त करतो. बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. "वाच म्हन त्याले," त्या ऑर्काबद्दल म्हणाल्या. ऑर्का अडखळला की बाई थांबायच्या, मागे जायच्या, पुन्हा ऐकायच्या आणि चुकलेलं अक्षर खोडून नीट टाइप करायच्या. युनिकोडलाही त्यांनी टाइपरायटरसारखाच कीबोर्ड लावून घेतला होता. बोटांना डोळे कधी लागलेच नव्हते. एका वाक्याला कधी कधी अर्धी दुपार जायची, आणि बाई ती आनंदानं घालवायच्या.

शेजारची पोरं खिडकीशी येऊन ऑर्काची नक्कल करायची, म्हणून बाईंनी इअरफोन मागवला. तेव्हापासून त्या काय ऐकतात ते आम्हाला कळेनासं झालं. मी सकाळी पेपर वाचायला जायचो ते बंद झालं, कारण मी पोचेपर्यंत त्यांचा पेपर वाचून झालेला असायचा आणि उलट त्याच मला बातम्या सांगायच्या. कधी दुपारी त्यांच्या घरावरून जाताना आतून एकटीचंच हसणं ऐकू यायचं. मी ओळखायचो, तुळशीरामजींचं विनोदी पात्र रंगात आलेलं आहे. लोकांच्या घरी जाणंही त्यांनी सोडलं नाही. माझी बायको किंवा कुणीतरी हात धरून न्यायचं. डब्ब्याच्या आतलं आता त्यांना दिसत नव्हतं, तर त्या सरळ म्हणायच्या, "मले दिसत नाई, तूच खरं सांग." खोटं बोलणं फार अवघड होऊन बसायचं.

प्रशांत फोन करायचा, येऊन जायचा, पण त्या पेनड्राइव्हवरून दोघांत जे अंतर पडलं ते पुरतं बुजलं नाही. बाईही ऑर्काचं त्याला काही सांगत नसत. "त्याले वाटन मी टोमना मारून राह्यली," असं त्यांचं म्हणणं. मीही मध्ये पडलो नाही.

हिवाळ्यात बाई गेल्या. सकाळी शेजारीण हाक मारायला गेली तर त्या झोपेतच गेलेल्या होत्या. विहारातली सगळी माणसं आली, तालुक्यातले टायपिस्ट आले, गजूभाऊ स्टुडिओ बंद ठेवून आले. जलदानविधी झाला, पाहुणे पांगले, आणि दुपारी घरात प्रशांत आणि मी उरलो. तो आईचं सामान आवरत होता. कॉम्प्युटरपाशी येऊन तो खाली बसला.

"आई शेवटी एकटीच बसून असायची इथे," तो म्हणाला. "मी तेव्हा रागावून गेलो नसतो, दुसरं काही आणून दिलं असतं, तर निदान काही वाचलं तरी असतं तिनं. त्या काळोखात नुसती बसली असेल ती."

मी म्हटलं, "चालू कर."

त्यानं मशीन चालू केलं. बाईंनी शेवटी वाचलेली फाईल माझ्या सांगण्यावरून उघडली. ते तुळशीरामजींचं नाटक होतं. त्यानं इअरफोनची पिन काढली आणि मी दाखवली ती, खालची ओळ वाचायची कळ दाबली. मशीनमधून एक सर्रकन आवाज निघाला आणि संपला. त्यात शब्द होता असं वाटलंच नाही. प्रशांतनं पुन्हा दाबली. पुन्हा तसंच, जणू कुणी कापड टरकावलं. "बिघडलं का हे?" त्यानं मला विचारलं. मलाही तसंच वाटलं. मी ऑर्काच्या सेटिंगमध्ये गेलो, आणि तिथे पाहिलं तर बिघडलं काहीच नव्हतं. आवाजाचा वेग बाईंनी वाढवत वाढवत पार टोकाशी नेऊन ठेवला होता. त्या वेगानं त्या वाचत होत्या, आणि त्या वेगानं त्यांना हसू येत होतं.

"आईले हे कळत होतं?" प्रशांतनं विचारलं.

"हो."

तो पडद्याजवळ सरकला. मग त्यानं वेग कमी केला आणि कळ दाबली. काही कळलं नाही. मी म्हटलं, अजून कमी कर. त्यानं केला. अजून कमी कर, मी म्हटलं. त्यानं वेग थेट निम्म्यावर आणला, तेव्हा कुठे त्याच्या बाबांचं एक वाक्य ओळखू आलं, आणि तेही आम्हाला दोनदा ऐकावं लागलं.